ते झोपलंय, दोरा घाला

आमच्या गल्लीत दोन माणसं भांडायला लागली की तिसऱ्या घराची खिडकी उघडते आणि निर्णय जाहीर होतो.

"व्याजस्तुती!"

खिडकीत तांबोळी सर असतात. वय सत्तरच्या आसपास. पांढरी दाढी नीट कापलेली, सदऱ्याच्या खिशात एक लाल आणि एक निळं पेन. भांडण कशावरून चाललंय, कोण बरोबर आणि कोण चूक, यावर त्यांनी आजवर एकदाही मत दिलेलं नाही. बोलणाऱ्याने कुठला अलंकार वापरला एवढंच ते सांगतात आणि खिडकी लावून घेतात.

मी स्वतः पाहिलेला प्रसंग असा. नळावर दोन बायकांची जुंपली होती. एक म्हणाली, "अगं बाई, तू तर महाराणी! तुझीच घागर आधी भरली पायजे. आमी काय, हुबं ऱ्हातो की दिस मावळंपतोर." सरांनी वरून व्याजस्तुती जाहीर केली. दुसरीने मान वर करून विचारलं, "म्हंजे शिवी हाय का न्हाई, सर?" सर म्हणाले, "आहे. पण चांगल्या प्रतीची आहे. वरून स्तुती, आतून निंदा. सगळ्यांना जमत नाही." पहिली बाई एवढी खूश झाली की तिने आपली घागर बाजूला घेतली.

मी सांगलीच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम करतो आणि मिरजेत राहतो. विशेषणं कापणं हा माझा उद्योग. त्यामुळे अलंकारांविषयी मला फारसं प्रेम नाही. सरांना हे माहीत आहे, आणि म्हणूनच त्यांनी मला निवडलं असावं.

रोज सकाळी सात वाजता माझ्या दारात आमचा पेपर पडतो. साडेसातला त्याच पेपरची दुसरी प्रत पडते. ती सरांची असते, वाचून झालेली, लाल वर्तुळांनी भरलेली. 'गावावर शोककळा पसरली' याच्या शेजारी लिहिलेलं असतं, 'सतरंजी आहे का?' 'घोषणांनी सभागृह दणाणले' याला शेरा, 'अतिशयोक्ती. खुर्च्या चाळीस, माणसं अकरा. मी होतो.' 'गावाने एकमुखाने विरोध केला' याच्याखाली फक्त 'लक्षणा' आणि कंसात 'बरी'.

एकदा मी वैतागून म्हणालो की बातमीत अलंकार नसतात, सर. ते तुमच्या डोक्यात आहेत.

हे बोलणं गल्लीच्या तोंडाशी (सर, माहीत आहे) माने सुभेदारांच्या चहाच्या गाड्यावर झालं. सुभेदार साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलीकडे मिरजेला आले. मुलगी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी गाडा टाकला. चहा शिस्तीत मिळतो. सांडलेला दिसला तर सुभेदार स्वतःलाच रागावतात.

सर म्हणाले, "एक ओळ लिहा. अलंकार नसलेली. मी तपासतो."

मी तिथल्या तिथे कागदावर लिहिलं, 'मिरजेच्या पूर्व भागात उद्या पाणी येणार नाही.'

लाल पेन बाहेर आलं. "पाणी येतं? कशाने, पायांनी? निर्जीवाला चालायला लावलंत. चेतनगुणोक्ती."

'पाणीपुरवठा बंद राहील.'

"बंद? कडी कोण लावणार?"

'नळाला पाणी नसेल.'

सरांनी ओळ दोनदा वाचली. कागद उजेडात धरला. "हे चालेल," ते नाखुशीने म्हणाले. "स्वभावोक्ती. जे आहे ते, जसं आहे तसं. पण फार कोरडं झालं."

"आवं सर," सुभेदार गाळणी झटकत म्हणाले, "नळच कोरडा हाय तर बातमी वली कुठनं यायची?"

सरांनी सुभेदारांकडे असं पाहिलं की जणू वर्गातल्या शेवटच्या बाकावरून पहिला नंबर आला आहे.

सरांची सगळी नोकरी पलूसकडच्या एका गावात, मराठीचे शिक्षक म्हणून झाली. पोरं सगळी ऊसवाल्यांची. उपमा शिकवताना ते फळा वापरत नसत. वर्ग बाहेर सोडत आणि सांगत, "जा, प्रत्येकाने एक उपमा घेऊन या. हात हलवत आलात तर पुन्हा पाठवीन." कुणी ढेकूळ आणायचं, कुणी शेळी. वस्तू दाखवायची आणि ती कशासारखी आहे ते सांगायचं. 'कशासारखं?' हा सरांचा आवडता प्रश्न. डॉक्टरलाही विचारतात, भाजीवाल्यालाही विचारतात.

एका पोराने उसाचं पान आणलं. सरांनी विचारलं, "कशासारखं?" पोरगं म्हणालं, "आमच्या काकूच्या बोलण्यासारखं. दिसतं मऊ, पण कापतं."

सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वाक्य फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी काकू शाळेत हजर. कमरेला पदर खोचलेला. "कोन म्हनलं मला पाचट?" सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यवाचक शब्द हे चारही घटक काकूंच्या उदाहरणावरून समजावून सांगितले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाल्या, "खोटं न्हाई त्ये. पर घरातलं शाळंत कशाला?" पुढे त्या पोराची फी भरायला, दाखला न्यायला दर वेळी काकूच यायच्या, आणि फळ्याकडे बघून जायच्या, असं सर सांगतात. वाक्य त्यांनी वर्षभर पुसलं नाही. या भागाची मी खातरजमा करू शकलेलो नाही.

तर असे तांबोळी सर. गल्लीला त्यांची सवय झाली होती. मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी सगळ्यांना एक वाक्य विचारायला सुरुवात केली.

गाड्यावर आले, चहा नको म्हणाले, उभ्याउभ्या विचारलं, "एक वाक्य देतो. ते झोपलंय. दोरा घाला. बोलेल. काय असेल?"

"शिलाई मशीन!" सुभेदार लगेच म्हणाले.

"नाही."

"का न्हाई? दोरा घातला की बोलतंयच की, टकाटका."

"ते तपासून झालं," सर म्हणाले आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं.

कोडं कुणी कधी तपासून बघतं का? मी बातमीदारांना प्रश्न विचारायला शिकवतो, पण त्या दिवशी मला हा प्रश्न सुचला नाही.

पुढचे कित्येक दिवस सगळ्या गल्लीला तेवढाच उद्योग होता. औषधाच्या दुकानातला म्हणाला, टाके. नळावरच्या महाराणी म्हणाल्या, तान्हं बाळ, काळा दोरा बांधला की आवाज करतं. एक निवृत्त कंडक्टर चहाला यायचे, ते छाती ठोकून म्हणाले, "यष्टीतली घंटीची दोरी. वढली की डायवर जागा हुतो." सुभेदारांनी भोवरा सुचवला आणि दोरी गुंडाळून गाड्यावरच फिरवून दाखवला. त्यात दोन कप गेले. सर सगळी उत्तरं लिहून घेत. पुढे प्रत्येकाच्या अलंकाराचं नाव. दुसऱ्या दिवशी येत, आणि म्हणत, "नाही. ते नाही."

"आवं, मग उत्तर सांगा की तुमीच," सुभेदार एकदा कावून म्हणाले.

"मला माहीत नाही."

"ज्येनं घातलंय त्येला इचारा!"

सर तसेच घराकडे वळले. त्या दिवशी ते वही गाड्यावर विसरून गेले.

वही परत द्यायला मी रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. शेजारी राहून अकरा वर्षं झाली होती, पण आतल्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. दार सरांनीच उघडलं. कॉटवर त्यांची बायको, शकीलाभाभी, उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, हलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला होता, हे गल्लीला माहीत होतं. त्यानंतर त्या बाहेर दिसल्या नव्हत्या. लोक विचारत, तेव्हा सर 'बरी आहे' म्हणत. स्वभावोक्ती, असं आम्ही धरून चाललो होतो.

घरात नवरा-बायको दखनीत बोलतात. मी इथे मराठीत देतो.

भाभींनी माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि सरांना म्हणाल्या, "ती द्या. डोळ्यांची सायकल."

सरांनी मागे न बघता फळीवरून चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. "रूपक," ते मला म्हणाले.

भाभींनी चष्मा घातला, मला ओळखलं, हसल्या. "यांना द्या. गरम... तपकिरी पाऊस."

"चहा. हेही रूपक. साखर किती घेता?"

मी बसलो. सरांनी मग सांगितलं. झटक्यात भाभींची नावं गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समज आहे, आठवण आहे, वाक्यं आहेत, फक्त वस्तूंची नावं येत नाहीत. चष्मा समोर दिसतो, काय करायचा ते कळतं, पण 'चष्मा' सापडत नाही. मग भाभी तो कशासारखा आहे ते सांगतात. मीठ म्हणजे समुद्राची साखर. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचे दिवस. गॅसचा सिलिंडर म्हणजे लाल पाहुणा, कारण येतो म्हणतो आणि येत नाही. सरांच्या तीन वह्या भरल्या होत्या. डावीकडे भाभींचं वाक्य, मध्ये वस्तू, उजवीकडे अलंकार.

"मी आयुष्यभर पोरांना उपमा आणायला शिवारात पाठवलं," सर म्हणाले. "हिला कुठे जावं लागत नाही."

भाभींनी त्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हटलं, "हे सारखं लिहितात. पेपरवाल्याला जास्त लिहिता येतं की यांना?"

मी सांगितलं, यांना. त्यांना ते पटलं.

चहा ओतताना सर हळू आवाजात म्हणाले, "गल्लीला वाटतं म्हातारा खिडकीत बसून चाळे करतो. मला सराव पाहिजे हो. लोक बोलतात ते ऐकून लगेच ओळखायचं. कान तयार ठेवावा लागतो. हिने काही मागितलं आणि मला पाच मिनिटं लागली, तर हिचा चेहरा उतरतो. मला ते बघवत नाही."

व्याजस्तुती, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती. दोन वर्षं गल्लीने ऐकलेले ते सगळे निर्णय मला एकदम आठवले.

"आणि ते वाक्य?" मी विचारलं.

"तेवढं एकच अडलंय."

मूळ वाक्य दखनीतलं होतं. 'वो सो गया. धागा डालो. बोलेगा.' भाभींनी ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा डाव्या हाताने वर दाखवलं होतं. सरांनी आधी शिलाई मशीन काढलं, तेल घातलं, दोरा ओवला, चालवून दाखवलं. भाभी हसल्या, मान हलवली. वर दाखवलं म्हणून सरांनी पंखा उतरवून दुरुस्त करून घेतला. मग भिंतीवरचं घड्याळ. मग दर्ग्यावरून मंतरलेला दोरा आणून भाभींच्या गळ्यात बांधला. वाचा झोपली आहे, दोरा घातला की बोलेल, असा त्यांनी अर्थ लावला. भाभींनी तो काढून उशीखाली ठेवला. दर चार-आठ दिवसांनी त्या पुन्हा तेच म्हणत. अलीकडे म्हणताना त्यांनी सरांची बाही धरायला सुरुवात केली होती.

"वस्तू संपल्या," सर म्हणाले. "म्हणजे वाक्य वस्तूबद्दल नाही. साधा अर्थ लागत नाही तेव्हा आतला अर्थ बघायचा, हे मीच शिकवलंय. मग मी बघितला. ते झोपलंय. हात वर. दोरा." त्यांनी कपबशी माझ्यापुढे ठेवली. "दोरा कशाकशाला लागतो याची यादी केली मी. शेवटचं लिहिलं नाही. तुम्ही समजून घ्या."

मी समजलो. त्यांच्याकडे कफन बांधायलाही दोऱ्या लागतात.

"ती मला जायचंय म्हणून सांगत असेल," सर म्हणाले, "आणि मी तिला पंखा दुरुस्त करून दाखवतोय."

भाभी कॉटवरून आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी हात वर केला, माळ्याच्या दिशेने की आभाळाच्या ते मला कळलं नाही, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

भाभी मिरजेच्याच. माहेर तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं. वडील गेल्यावर दुकान बंद झालं, भाऊ दुसऱ्या धंद्यांत गेले. हे मला माहीत होतं आणि सरांना तर होतंच. ते सांगायचं कारण असं, की माहिती असणं आणि ती योग्य वेळी आठवणं यांत फरक आहे. आमच्या धंद्यात या फरकाने बातम्या हुकतात.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मला वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीवर मजकूर करायला पाठवलं. बातमीदार आजारी होता. पन्नाशीचे एक कारागीर कामात होते, चष्मा कपाळावर, अंगभर भुसा. समोर गाणं शिकवणाऱ्या एक बाई नवा तानपुरा बघायला आल्या होत्या. कारागिरांनी तार छेडली. आवाज आला, पण कुणी लाकडी पेटीवर टिचकी मारावी तसा.

"अजून झोपलाय त्यो," ते बाईंना म्हणाले. "दोरा घालू दे. बोलंल."

मी ते शब्दशः लिहून घेतलं, कारण मी सगळं शब्दशः लिहून घेतो. लिहून झाल्यावर वाचलं.

"आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हनलो?"

"झोपलाय म्हणजे?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मला नीट बघितलं. "झोपलाय म्हंजे झोपलाय. ऐका की." पुन्हा तार छेडली. तोच आवाज. मग त्यांनी सुती दोऱ्याचा नखाएवढा तुकडा घेतला. भोपळ्यावर एक चपटी पट्टी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या पट्टीवर, तारेच्या खाली त्यांनी तो दोरा सरकवला. थोडा पुढे, थोडा मागे, केसभर पुन्हा पुढे. एका जागी तार गुंजायला लागली आणि छेडणं थांबल्यावरही खोलीभर राहिली.

"हे तुम्ही अलंकारिक बोलता का?" मी विचारलं.

"अलंकारिक कसलं? माझा बाप असंच म्हनायचा. त्येचा बापबी. दुसरं काय म्हननार?"

"हे काम घरातल्या मुली करायच्या का?"

"दोऱ्याचं? मग! बारीक बोटं लागत्यात त्याला. आमच्या घरात भनीच घालायच्या. मी मोठा झालो आन् बोटं जाड झाली, तवा अब्बांनी मला तासायला बसवलं."

मी त्यांना विचारलं, दहा मिनिटं माझ्याबरोबर येता का.

सर दारातच होते. मी त्यांना काय ऐकलं, कुठे ऐकलं आणि कुणी म्हटलं एवढंच सांगितलं. ते पायरीवर बसले.

"माळ्यावर आहे," ते म्हणाले. "गाद्यांच्या मागे. लग्नात सासऱ्यांनी दिला होता. आमच्याकडे गाणारं कोणी नाही. आधी कोपऱ्यात होता, पोरं लहान होती, धक्का लागेल म्हणून वर ठेवला. मग राहिला."

"आन् दोऱ्याचं ठाव न्हवतं तुमास्नी?" कारागीर चकित झाले. "त्या घरचं जावई ना तुमी?"

"जावई म्हणूनच माहीत नाही," सर म्हणाले. "मला पुढच्या खोलीत सरबत मिळायचं. काम मागच्या खोलीत चालायचं. जावयाला भुशात कोण बसवतं?"

तानपुरा उतरवायला सुभेदार आले आणि आल्याबरोबर त्यांनी ताबा घेतला. "आराम से! बायें से पकडो! सर, तुमी बाजूला व्हा, तुमी नुसतं रूपक सांगा." गवसणी काढली. तारा गंजलेल्या, भोपळ्याला एक बारीक चीर. कारागिरांनी कडेच्या वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला आणि भाभींना म्हणाले, "तुमच्या अब्बांचा हात हाय ह्यो." भाभींनी मान हलवली, म्हणजे त्यात काय सांगायचं.

चीर बुजवायला आणि नव्या तारा चढवायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तारा लावून तानपुरा कॉटवर भाभींच्या पुढ्यात आडवा ठेवला आणि खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं.

भाभींनी ते बाजूला सारलं. डाव्या हाताने पदराचं टोक शोधलं, कडेचा एक धागा दातांत धरून ओढून काढला, तोडला. तो पहिल्या तारेखाली घातला. डावा हात सवयीचा नव्हता, दोनदा निसटला. कारागीर पुढे सरकले, तसं सरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा धागा बसला. भाभींनी कान जवळ नेला आणि सरांना हनुवटीने खूण केली. सरांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, तार छेडली.

ठक्क.

भाभींनी धागा सरकवला. पुन्हा खूण. पुन्हा ठक्क. तिसऱ्या वेळेला गुंजन आलं, गेलं. भाभी थांबल्या. दोन बोटांच्या टोकांनी धागा इतका कमी हलवला की हलला की नाही ते मला सांगता येणार नाही.

तार बोलायला लागली. मला दुसरं क्रियापद सुचत नाही.

"बोललं," भाभी म्हणाल्या.

मग सुभेदारांना राहवलं नाही. "सर, ह्यो कुठला अलंकार म्हनायचा?"

सरांच्या खिशात दोन्ही पेनं होती. त्यांनी एकालाही हात लावला नाही. "अलंकार नाही," ते म्हणाले. "या घरात ते साधं वाक्य आहे. पाणी येतं, तसं." मग माझ्याकडे वळले. "ती बातमी देत होती. सरळ, एका ओळीत. मी ती कविता म्हणून वाचत बसलो."



भाभींची नावं परत आलेली नाहीत. डॉक्टर म्हणतात, फार अपेक्षा ठेवू नका. चष्मा अजून सायकलच आहे, आणि सरांची चौथी वही सुरू आहे. खिडकीही उघडते. मागच्या आठवड्यात एका रिक्षावाल्याने दुसऱ्याला अशी काही अतिशयोक्ती ऐकवली की सर निर्णय द्यायला खाली उतरून आले.

तानपुऱ्याचं म्हणाल तर तो रोज संध्याकाळी वाजतो. भाभींचा उजवा हात चालत नाही, म्हणून छेडायचं काम सरांकडे आहे. भाभी शेजारी बसून धागे बघतात. सरांना अंदाज नाही. चार तारा सावकाश एकामागून एक घ्यायच्या, तर ते वर्ष संपत आलेल्या मास्तरासारखे भराभर घेतात.

परवा मी आणि सुभेदार तिथे बसलो होतो. सरांनी एक तार गाळली. मग तीच दोनदा घेतली. भाभींनी हात वर करून त्यांना थांबवलं, आमच्याकडे बघितलं आणि नवऱ्याकडे हनुवटीने दाखवून म्हणाल्या, "हेपण झोपलंय."

सुभेदारांना चहाचा ठसका लागला. भाभींनी पदराच्या कडेचा एक धागा दातांनी ओढून काढला आणि सरांच्या खांद्यावर ठेवला. थोडा पुढे सरकवला. थोडा मागे.

"बोलेल," त्या म्हणाल्या.

सरांचे दोन्ही हात तानपुऱ्यावर होते. "तुम्ही लिहून घ्या," ते मला म्हणाले. "हे मात्र रूपक आहे."

मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते पेपर टाकायला आले. वर्तुळं सात होती. सदरा कालचाच होता, आणि खांद्यावर धागा होता.